बटणं

गुरुवारी सातला, लाँग्टनमध्ये,
मासे तळणाऱ्या दुकानाच्या माडीवर
आम्ही जगबुडी टाळायला जमतो.
कॉलिन टनिक्लिफ, दिवसा कौन्सिलात घरपट्टी मोजतो,
रात्री चारशे वर्षांचा रक्तपिपासू.
डेले, नर्स, पौर्णिमेला लांडगा.
आणि बेरिल मॅचिन, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं बशांच्या काठांवर निळी फुलं काढून निवृत्त.
ती म्हणाली, मी माणूसच होते.
कोण माणूस?
शाळेपुढे गोल पाटी धरून
पोरांना रस्ता ओलांडून देणारी.
नाव नोरा. डावा गुडघा दुखरा.

खेळ मी चालवते. वहीत रकाने आखलेले.
कॉलिन मोटार उचलतो.
डेलेच्या जखमा बोलता बोलता भरतात.
नोराच्या रकान्यात शिट्टी, थर्मास, रेनकोट.
तीन रात्री आकडे जुळवत बसले.
हिचं नशीब वाढवू? त्यांना उन्हाचं भय वाढवू?
एका पारड्यात हत्ती बसलाय,
दुसऱ्यात मोहऱ्या टाकायच्या तरी किती?

शेवटी शिवणाच्या डब्यातली चार बटणं
बेरिलपुढे ठेवली.
फासा वाईट पडला की एक दे, पुन्हा टाक.
म्हटलं, आमच्याकडे अंगणातल्या खेळात
सगळ्यात धाकट्याला लिंबूटिंबू करतात.
तो पळतो, ओरडतो, पकडलाही जातो,
पण बाद होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही.
तिनं एक बटण दिव्याकडे धरून पाहिलं,
मग चारही माझ्याकडे सरकवली.
"नको, डक."
इथे सगळ्यांनाच बदक म्हणतात, मायेनं.
"बाद होत नाही, म्हणजे त्याला खेळात घेतलेलंच नसतं."

इथलं माझं पहिलं वर्ष.
ऑफिसात माझ्याशी शब्द सुटे सुटे करून बोलायचे,
माझ्या चुका हसून पोटात घालायचे,
आणि महत्त्वाच्या मीटिंगला बोलवायचे नाहीत.

बटणं डब्यात टाकली.

त्या रात्री खेळात डिसेंबर होता, पावणेचारलाच अंधार.
कालव्यातून ते वर आलं. त्याला मी नाव दिलं नव्हतं.
नेमकी शाळा सुटत होती.
कॉलिन दोन गल्ल्या पलीकडे, छपरावर.
डेले अजून अर्धाच लांडगा, शर्टात अडकलेला.
बेरिल म्हणाली, "रस्त्याच्या मधोमध जाते. पाटी वर करते."
वही चाळली. पाटीला कुठलाच नियम नव्हता.
टाक फासा.
दोन.
खालून फक्त उकळत्या तेलाचा आवाज.
मी डब्याकडे पाहिलं. तिनं नाही पाहिलं.
नोरा उडाली, कठड्यावर आपटली, खुबा मोडला.
पण तिला उडवायला ते जेवढं थबकलं
तेवढ्यात तेवीस पोरं पलीकडे गेली.

पुढचा दीड तास आम्ही लढलोच नाही.
रक्तपिपासू आणि लांडगा अपघात विभागात,
प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, नंबरची वाट बघत.
डेलेला त्या खुर्च्या रोजच्या ठाऊक.
म्हणाला, आज सात तास धरा.
कॉलिन भिंत फोडू शकत होता,
पण भिंत फोडून नंबर पुढे सरकत नाही.
त्यानं विचारलं, सूर्य कधी उगवतो?
सव्वाआठला.
तो बराच वेळ गप्प, नोराचा थर्मास मांडीवर धरल्यासारखे हात करून,
कागदावर त्याचे मोठमोठे आकडे तसेच पडलेले.
"थांबतो," म्हणाला, "आत बोलवेपर्यंत."

बेरिलनं खोडरबर घासलं. दहातले उरले दोन.
चुरा फुंकला, कोट चढवला.
पुढच्या गुरुवारी ओटकेक आणते म्हणाली, चीज घालून,
म्हणजे आमचं धिरडंच ते.
जिन्यात वळून विचारलं,
"नोरा आता कुबडी घेऊन येईल. कुबडीला काही आकडा असतो?"
उणे एक, मी म्हटलं.
ती परत वर आली, चष्मा लावला
आणि बशीचा काठ रंगवावा तसं, हात न हलू देता,
लिहून घेतलं.